फटफटीवरचा नवरदेव

जळगावाहून सकाळी निघालो तेव्हा अर्धी गल्ली मला निरोप द्यायला जमली होती आणि उरलेली अर्धी फटफटी चालू होत नाही हे पाहायला. एकविसाव्या लाथेला ती चालू झाली, त्यामुळे कोणीच निराश झालं नाही.

ही फटफटी लष्करी लिलावातली. मी शाळेत भूगोल शिकवतो. युद्धाशी माझा संबंध मुख्याध्यापकांपुरता. पण विकणारा म्हणाला, "मास्तर, हिला रस्ता लागतच नाही," आणि मी भुललो. सुट्टीत सातपुडा रस्ता सोडून पाहायचा, असं मी स्टाफरूममध्ये जाहीरही करून टाकलं.

शिरपूरपर्यंत दुर्दैवानं रस्ता होता. उन्हानं डांबर पाघळलं होतं आणि चाकं चिकटत चालली होती. धुळ्यात मामेभावाकडे मुक्काम केला. त्याच्याकडच्या शेवभाजीनं कानांतून वाफ निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी शिरपूर मागं टाकलं आणि मोठ्या अभिमानानं गाडी कच्च्या वाटेला घातली.

पुढं एका कोरड्या नदीत वऱ्हाडाचा ट्रक रेतीत रुतून बसला होता. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव ट्रकच्या सावलीत उभा होता. त्याचे काका, सगळे त्यांना नाना म्हणत, धावत माझ्याकडे आले.

"भाऊ, हाई फटफटी रेतीमा चालस का?" (ही रेतीत चालते का?)

"हिला रस्ता लागतच नाही," मी म्हणालो.

"मंग आम्हना नवरदेवले लई जा (घेऊन जा)! गोरज मुहूर्त शे, गाव दोन कोस शे."

नवरदेव भास्कर माझ्यासारखाच शिक्षक निघाला, प्राथमिक शाळेतला. हातात कट्यार आणि तिच्या टोकाला लिंबू घेऊन तो मागं बसला. पहिल्याच खड्ड्यात लिंबू पडलं. त्यानंतर प्रत्येक गचक्याला मी ताठ बसू लागलो.

रेतीत चाक रुतलं, तेव्हा नवरदेवानं उतरून ढकललं. नदीपलीकडच्या काळ्या जमिनीला हातभर भेगा पडल्या होत्या. त्यातल्या एकीत पुढचं चाक गेलं आणि आम्ही दोघे पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) गंजीत जाऊन पडलो.

"लागलं का हो?"

"नाही," भास्कर म्हणाला. बाहीचे दोन भाग झाले होते. मग हळूच बोलला, "गुरुजी, मुलगी वडिलांनी पाहिली. आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. मी तिला आवडेन का, याची आठवडाभर धास्ती होती. आता तर..."

मी भेगेतून फटफटी ओढून काढली. मग तिला लाथा मारू लागलो.

पहिल्या गावात वाजंत्री ऐकू आली. मांडवासमोर ऐटीत थांबलो. बायका ओवाळायला आल्या. एका अक्कानं ताट वर नेलं आणि तिथंच थांबवलं.

"अय माय, हाऊ कोन शे? आम्हना नवरदेव तं मांडवमा शे!"

आमचं लग्न टेकडीपलीकडच्या गावात होतं. फटफटी आता चालूच होईना. तेव्हा त्या परक्या लग्नातलं बठ्ठं (सगळं) वऱ्हाड वाजंत्र्यांसकट मागं लागलं आणि आम्हाला ढकलत टेकडीवर नेऊन उतारावर सोडलं.

सूर्य टेकताना आम्ही योग्य मांडवात पोचलो. वधूपित्यानं जावयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि भटजींना खूण केली. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट सरला. वधूनं वर पाहिलं. भास्करच्या फेट्यात पऱ्हाटीची काडी, नाकावर माती. ती हसली, आणि चांगली खळखळून हसली. तिच्या मावशीनं चिमटा काढला. मग भास्करही हसला, तेव्हा कुठं वधूपित्यानं श्वास सोडला. त्या रात्री मी वरण-बट्टी जरा जास्तच जेवलो.

सकाळी निघताना, रात्री उशिरा वऱ्हाडासह पायी येऊन पोचलेल्या नानांनी सुचवलं की जोडप्याला फटफटीवर न्यावं. नवरी डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "तुम्ही दोन्ही जा. मी पायीपायी येसू, तरी तुम्हना पहिले पोचसू." (पायी येईन, तरी तुमच्या आधी पोचेन.)

तिला बैलगाडीत बसवलं. आम्ही नदीवर पोचलो तेव्हा ती झाडाखाली पाणी पीत बसली होती.

जळगावला परतल्यावर स्टाफरूममध्ये सगळे विचारतात, किती मैल झाले? मैल सांगतो, ढकललेले वगळून. पण खरं सांगायचं तर, गाडीवर बसून जो रस्ता काटला त्यातलं एकही माणूस मला आठवत नाही. जिथं जिथं ढकलत गेलो, तिथल्या माणसांचे चेहरे मात्र अजून डोळ्यांसमोर आहेत.