जिजींनी हातातून काढून घेतलेली कुऱ्हाड

जिजी गेल्या.

आज सकाळी. चहा गाळता गाळता ओट्यापाशीच बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

काल संध्याकाळी फोनवर माझ्यावर चिडल्या होत्या. "येतो येतो म्हणतोस, कधी येणार?" आवाज खणखणीत. नव्वदी ओलांडली असली तरी अशी ठणठणीत बाई एका रात्रीत जाते?

मला अजून खरं वाटत नाहीये. टाइप करतोय, पण डोकं सुन्न आहे.

जिजी म्हणजे माझ्या वडिलांच्या आत्या. माकणीकडच्या आमच्या गावात मुलींच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं. लग्न केलं नाही. का, ते घरात कुणी बोलायचं नाही.

गेल्या वर्षी मी सहज विचारलं, "जिजी, तुम्हाला कधी कुणी आवडलंच नाही का?"

शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"आवडला होता की. लई आवडला होता. त्याच्याच हातातनं कुऱ्हाड काढून घेतली म्या."

मी हादरलो. मग त्यांनी सगळं सांगितलं.

जिजींचे वडील, अप्पा, निजामाच्या काळात तालुक्याच्या कचेरीत वकील होते. तरुणपणी पुण्याला शिकताना त्यांनी मवाळ पुढाऱ्यांची भाषणं ऐकलेली. ती माणसं पुढं वारली, त्यांचं राजकारणही मागं पडलं. अप्पांच्या भिंतीवर मात्र त्यांचे फोटो तसेच राहिले.

सभा घ्या, ठराव करा, अर्ज द्या, कायद्यानं भांडा. एवढंच त्यांना ठाऊक.

मराठी शाळा पाहिजे, अर्ज. सरकारनं सक्तीच्या लेव्हीचं धान्य जास्त नेलं, अर्ज. सगळे अस्सल उर्दूत.

गावातली तरणी पोरं हसायची. "अप्पा, अर्ज करून राज्य जातं व्हय?"

शेवटी शेवटी निजामाच्या बाजूची हत्यारबंद टोळी गावोगाव लुटत फिरू लागली. अप्पांनी तिच्याविरुद्धही थेट तालुकदाराकडं, म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरकडं, अर्ज केला.

टोळी घरी आली. अप्पांना अंगणात ओढलं आणि उजवा हात दगडावर ठेवून मोडला.

लिहिता हात.

मग अप्पा सांगायचे आणि जिजी लिहायच्या. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या.

भारताच्या फौजेची पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. गावात गुलाल उधळला. अप्पांनी मोडका हात गळ्यात बांधून पेढे वाटले.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जमाव आला. कुऱ्हाडी, काठ्या, रॉकेल.

शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. कापूस पिंजून पोट भरणारं गरीब मुसलमान कुटुंब. आरडाओरडा ऐकून अप्पा त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. जिजी त्यांच्या बाजूला.

जमावात सगळ्यांत पुढं कोण?

ज्याच्याशी जिजींचं लग्न ठरलं होतं, तो.

"अप्पा, सरका बाजूला. तुमच्या हाताचाच सूड घेतोय आमी."

"माझा हात मोडणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत. कोर्टात सांगीन. ह्या घरात त्यातलं कुणीबी न्हाय."

"कोर्ट कुठलं? राज्य बुडालं अप्पा!"

"राज्य बुडालं. कायदा बुडाला न्हाय."

तो पुढं सरकला. तेव्हा जिजींनी त्याच्या कुऱ्हाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला.  नुसतं त्याच्याकडं बघत राहिल्या.

सगळ्या गावासमोर होणाऱ्या बायकोशी झटापट कशी करणार? त्यानं दांडा सोडला.

जमाव वळला. पिंजाऱ्याचं घर वाचलं.

पण जमाव घरी गेला नाही. मागच्या गल्लीत गेला.

तिथं एक शिंपी आणि त्याचा भाऊ राहायचे. दोघांनाही मारलं. जिजींना ओरडणं ऐकू येत होतं. दार सोडलं तर पिंजारी मरतील, म्हणून बापलेक तिथंच उभे.

भारताची फौज गावात पोचली तसे अप्पा अर्ज सांगायला बसले. खुनाची फिर्याद. ह्या वेळी आपल्याच माणसांविरुद्ध.

नावं सांगायची वेळ आली तेव्हा ते थांबले. "पोरी, इचार कर. तुझं लग्न मोडंल."

जिजींनी पहिलं नाव त्याचंच लिहिलं.

पुढं काय झालं?

काहीच नाही. साक्ष द्यायला कुणी आलं नाही. लग्न मोडलं. अप्पांकडं पक्षकार यायचे थांबले, लोक रस्त्यात तोंड फिरवू लागले. थोड्याच वर्षांत अप्पा गेले. आणि तो माणूस म्हातारपणापर्यंत गावात हारतुरे घेत राहिला. जिजी त्याच रस्त्यानं शाळेत जायच्या.

ही गोष्ट आमच्या घरात सत्तर वर्षं होती आणि मला माहीत नव्हती.

मी विचारलं होतं, "जिजी, पस्तावा होतो का हो कधी?"

जिजींनी आणखी एक शेंग फोडली.

"व्हतो की. रोज व्हतो."

मला वाटलं, लग्नाचा.

"आमी दोघं होतो रे. एकानं मागच्या गल्लीत जायला पायजे होतं."

आज दुपारी जिजींना माती देऊन आलो. 

शरणु शरणार्थी, जिजी; हा शेवटचा नमस्कार. आता झोपा निवांत.