तीनदा गेलेला मेल

शाळेतल्या आमच्या वर्गाने एक मेलिंग लिस्ट काढली होती. एकाच पत्त्यावर लिहिलं की ते सगळ्यांना जायचं. दोन वर्षांत मी तिथे फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या. पाठवलं की इतरांच्या मेलबरोबर माझाही मेल माझ्या इनबॉक्समध्ये परत यायचा. त्या रांगेत आपलं नाव दिसलं की बरं वाटायचं.

मग एकाने विनोद पाठवला. पुलावरून जाण्याआधी तो बांधणारा इंजिनिअर राखीव कोट्यातून तर आला नाही ना, ते विचारून घ्या. त्याखाली बऱ्याच जणांचं हसणं.

मी सिव्हिलला होते आणि त्याच कोट्यातून आले होते. वर्गात कुणालाच ते माहीत नव्हतं. आम्ही बौद्ध. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळायचं नाही. शाळेच्या दहा वर्षांत मी एकाही मैत्रिणीला घरी नेलं नाही, कारण दारातून आत आलं की समोरच भिंतीवरचे फोटो दिसायचे. आईने कधी कारण विचारलं नाही. तिला ते कळत असावं.

चार दिवस तो विनोद डोक्यातून जाईना. पाचव्या दिवशी दुपारी मंगळवार पेठेतल्या सायबर कॅफेत बसून मी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. मी त्याच कोट्यातून आले आहे. माझ्या पुलावरून जायचं नसेल तर आत्ताच सांगा. मेल पाठवला.

इनबॉक्समध्ये काहीच आलं नाही.

लिस्ट चालवणारा मुलगा कुणाचाही मेल अडवू शकायचा. त्याने वाचून अडवला असेल तर? मग तो एकेकाला फोन करून सांगणार, आणि कुणाला कळलं, कुणाला नाही, हे मला कधीच समजणार नाही. सगळ्यांनी वाचण्यापेक्षा मला याची जास्त भीती वाटली. मी तोच मेल पुन्हा पाठवला. दहा मिनिटं थांबले. काही नाही.

"काका, मेल जात नाहीये का आज?" मी कॅफेवाल्यांना विचारलं.

"गेला म्हंजे गेला की ताई. एस्टी हाय व्हय ती, परत यायला?"

मी तिसऱ्यांदा पाठवला आणि घरी आले. रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी कसबा बावड्यातल्या मैत्रिणीचा फोन आला. ती शाळेत माझ्याच बाकावर बसायची.

"अगं ए, किती वेळा पाठवशील? पहिल्यांदा आम्ही सगळे गप्प. तिसऱ्यांदा आला तेव्हा वाटलं, आता ही घरी येऊन मारणार!"

"तीनदा आला?"

"मग! तू मेलचा पत्ता नवीन घेतलास ना, त्या नव्या कंपनीचा? तिथे आपणच लिस्टला पाठवलेला मेल आपल्याला परत दिसत नाही. माझंही तसंच झालं होतं. पण मी दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या, बाई." ती हसली, मग थांबली. "मला तरी सांगायचंस."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला होता. आई ऐकत होती. मी नुसतं "हं" म्हटलं आणि फोन ठेवला.

दोन दिवस मी कॅफेकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. इनबॉक्समध्ये एक ठळक ओळ होती, विनोद पाठवणाऱ्याचं उत्तर. बराच वेळ मी माउसला हात लावला नाही. उघडलं तर त्याच्या उत्तराच्या वर माझे तिन्ही मेल एकाखाली एक लागलेले होते. इतके दिवस लपलेले, आता उत्तर आल्यावर बाहेर आलेले. ते वाचायचं मी टाळलं.

त्याने लिहिलं होतं: "सॉरी. शाळेत का नाही सांगितलंस? आणि तीनदा कशाला?"

तीनदा का, ते मी लगेच लिहून टाकलं. नवा मेल, आपलंच पत्र दाखवत नाही, वगैरे. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी वर नवी ओळ सोडली, तिच्याकडे पाहत राहिले आणि शेवटी ती पुसून मेल पाठवला.