बक्षिसाचा डबा

लढाई गोऱ्यांची, पण तिला लागणारं कथील निघालं जोसच्या पठारावर, रवांगच्या आचा धान्याच्या शेतात. साहेबांनी शेत घेतलं आणि भरपाई दिली ती फक्त उभ्या पिकाची. मग पोटासाठी रवांग तिथंच रोजावर कुदळ मारू लागला. बापाच्या शेतातला दगड न् दगड ओळखीचा, त्यामुळं त्याचाच हात सगळ्यांच्या पुढं.

"तुझ्यासारख्यांमुळं या मुलखाची भरभराट झाली," म्हणत साहेबानं त्याला बिस्किटांचा कथिली डबा बक्षीस दिला.

लढाई संपली तेव्हा खाणीच्या खड्ड्यांत पाणी साचून शेताचं तळं झालं होतं. रिकाम्या डब्यात रवांगनं आचाचं बियाणं जपून भरलं.

बायको ल्योप बघत होती. "डबा झकास आहे, कारभारी," ती म्हणाली. "आता पेरणीही त्यातच करा."