हिरामणदादांची बिनक्लचची पिकअप

हिरामणदादा म्हात्र्यांनी उरणच्या बंदराच्या रांगेत तीस वर्षं ट्रेलर चालवला. क्लच दाबा, चार हात पुढे सरका, थांबा, पुन्हा दाबा. त्या क्लचनं त्यांचा डावा गुडघा खाल्ला. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवणं बंद. दादांनी ऐकलं, म्हणजे क्लच बंद केला आणि कुठल्याशा कंपनीच्या लिलावातून जुनी ऑटोमॅटिक पिकअप उचलून आणली. बिनक्लचची गाडी बघायला अर्धा गाव लोटला होता.

यंदा मात्र ती रुसली. गिअर टाकला की नुसती घुरघुरत उभी राहायची आणि मग मागून कुणी लाथ घातल्यासारखी निघायची. शेजारचा चंदर तिला 'नवरदेवाची घोडी' म्हणू लागला. दादांची बायको कमळ तर गाडीत बसली की दोन्ही हातांनी डॅशबोर्ड घट्ट धरायची.

गणपती चार दिवसांवर आले. पेणहून मूर्ती दादांनीच आणायची, हा घरचा रिवाज.

"बाबा, गिअरबॉक्स गेलाय तिचा," मुलगा अल्पेश म्हणाला. "भंगारान द्या. यंदा गणपती माझे गारीन आनू."

दादांना ते फार लागलं. क्लचची गाडी गुडघ्याला झेपत नाही. ही गेली की स्टिअरिंग जन्माचं सुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, त्यांनी गिअर ऑइल मोजायची पट्टी काढून पुसली, पुन्हा घालून पाहिली. ट्रेलरच्या इंजिनाचं तेल ते तीस वर्षं असंच बघत आले होते. तेल बरोबर खुणेवर.

"तेल भरपूर हाय," ते कमळला म्हणाले. "मंग दुखतंय काय हिला?"

कमळचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं. तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, "या तेलाला पंप हाय का?"

"हाय ना. इंजिन चालू झाला का तोच फिरवतं."

"मंग बंद करून काय मोजताव? मिठागरान पंप बंद केला का पायपातला पानी मागं येतं, नि खड्डा भरलेला दिसतं. चालू करा, मंग कलंल."

दादांनी हँडब्रेक ओढला, इंजिन चांगलं तापू दिलं आणि ते चालू ठेवूनच पट्टी काढली. टोक जेमतेम ओलं! मेकॅनिकला तेलाच्या नळीचा झिजलेला वॉशर सापडला. तिथूनच थेंब थेंब तेल गळत होतं. वॉशर बदलला, तेल भरलं. सगळा रोग एवढाच. मूर्ती आणायला निघताना दादा अल्पेशला एवढंच म्हणाले, "तू मागनं ये."

पेणहून परतताना मूर्ती कमळच्या मांडीवर होती. प्रत्येक वळणाला, प्रत्येक गतिरोधकाला दादांचा जीव मुठीत. डावा पाय सवयीनं क्लच शोधत होता. पण गिअर कधी बदलतोय ते कळतच नव्हतं.

गावाच्या वेशीपाशी त्यांनी हळूच शेजारी पाहिलं. कमळचे दोन्ही हात मूर्तीभोवती होते. डॅशबोर्ड तिनं केव्हाच सोडला होता.