देवाची कलमं

"दर्शना देवाचं खाते," असं आमच्या वाडीत म्हणत. मैनाकाकू तर तिच्या अंगणावरून जाताना ते जरा मोठ्यानेच म्हणायच्या. मी सुट्टीला गावी आलो की हे वाक्य कानावर येई आणि कुतूहल वाटे. देवाचं म्हणजे नेमकं काय, आणि ते खाऊन कुणी इतकं काटकुळं कसं राहतं?

आरे-वारेच्या रस्त्यापासून थोडी आत आमची वाडी. दर्शना एका काजूच्या कारखान्यात प्रतवारीचं काम करी. तिच्या वडिलांना, बाबूकाकांना, अर्धांगवायू झाला आणि तिने काम सोडलं. शिवा आणि लवू हे दोघे भाऊ मुंबईला. ते पैसे पाठवत, पण फोन केल्यावर. 'दादा, डायपर संपले' हे दर वेळी सांगणं तिला नोकरीपेक्षा जड जाई. सरकारी कचेरीत चौकशी केली, तेव्हा मदतीची गोष्ट निघाली ती म्हाताऱ्या माणसासाठी. त्याच्यापायी घरी बसलेल्या मुलीचा विषयच नव्हता. अखेर शिवाने ठरवलं, गणपती झाले की बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं आणि दर्शनाने पुन्हा कामाला लागायचं. आपली पडवी सुटली तर बाबा तगणार नाहीत, याची दर्शनाला खात्री होती.

घरामागे हापूसची चार कलमं. ती तिच्या पणजोबांनी देवाच्या नावे काढून ठेवलेली. देवघरात जो रोज दिवा लावील त्याने त्यांचं उत्पन्न घ्यावं, त्यातून दिवाबत्ती आणि सणवार भागवावेत, उरेल ते त्याचं. बाबूकाकांनी हा कारभार केव्हाच थोरल्या शिवाकडे सोपवला होता. दिवा मात्र ते स्वतः लावत, आणि ते अंथरुणाला खिळल्यावर दर्शना.

ऋषिपंचमीच्या दुपारी भावकी जेवून पडवीत बसली होती. दर्शना हात पुसत बाहेर आली.

"दादा, जाताना देव पण ने मुंबईला."

शिवा हसला. "देव कशाला गो?"

"कलमं तुझ्याकडे, मग दिवाही तूच लाव. घाल बॅगेत."

भावकीतले वडीलधारे धाकूकाका दचकले. "काहीतरीच काय! देव कधी जागचे हलवतात?"

"मग बाबांना का हलवताय?"

लवू अंगठ्याने जमिनीचं सारवण उकरू लागला.

"बाईमाणसाकडे देवाची कलमं कधी दिली नाहीत," शिवा म्हणाला.

"बाईमाणसाने लावलेला दिवा चालतो तो?"

धाकूकाकांनी पानाची चंची मिटली. "शिवा, दिवा जिच्या हातात, कलमं तिची. माझे आजोबा हेच सांगून गेलेत. आणि ते वृद्धाश्रमाचं राहू दे आता."

त्या वर्षी मोहोर पाहायला आलेल्या व्यापाऱ्याशी भाव दर्शनानेच ठरवला. तिथून पुढे ती दादाला फोन करते तो खुशालीचा.

वाडीने मात्र आपला अर्थ लावला. दिव्याला तेल लागतं एवढंसं आणि कलमं चार. बाकीचं जातं कुठे?

एकदा मी तिला ते विचारलंच. ती बाबूकाकांच्या पाठीशी उशी लावत होती. वर न पाहताच म्हणाली, "देवाला उचलून न्हाणीत न्यावं लागत नाही. बाबांना लागतं. मैनाकाकूंना सांग, कलमं हवीत तर पहाटे या आणि बाबांना पायांकडून धरा."