सरळ केलेली बोटं

कुंभकोणमच्या दवाखान्यात मी हातांचे व्यायाम शिकवते. दारासुरमचा एक रेशीम विणकर महिन्यानं परत आला. मानेचा मणका मोडल्यापासून त्याची बोटं निर्जीव होती, मनगट तेवढं उचलता येत असे. अशी बोटं थोडी आखडू द्यायची असतात. मग मनगट उचललं की ती आपोआप मिटतात, पेला धरता येतो. नेमकं हेच मी सांगायला विसरले होते.

"रोज तेल लावून ताणली, डॉक्टरम्मा. बघा, किती सरळ!" त्याची बायको म्हणाली. बोलताना ती एकेक बोट चोळत होती, रेशमाचा गुंता सोडवावा तशी.

मी पेला दिला. त्यानं मनगट उचललं, पण बोटं मिटली नाहीत; पेला घरंगळला.

"अजून ताणू?"

"नको," एवढंच मी म्हणाले. का, ते आजही सांगितलेलं नाही.