दोन कोसांची गैरमुल्की

डॉक्टरांनी माझ्या टाचेतून निघालेले काळे कण पांढऱ्या कागदावर घेतले, भिंगातून बघितले आणि कागद माझ्यापुढं धरला. खसखशीएवढे कण. म्हणाले, "बाई, ये नारू नै. इसकू मायसेटोमा बोलते, मदुरा फूट. पाँव काटना पडेंगा." डॉक्टर मद्रासकडचे, पण गुलबर्ग्यात राहून दखनी शिकलेले. मी अण्णाकडं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

मायसेटोमा म्हणजे मातीतली बुरशी. काटा रुतला की त्याच्यासंगं आत शिरते आणि मांसात घर करते. दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. पाय सुजतो, गाठी येतात, त्यांना तोंडं फुटतात आणि त्यातून हे कण येतात. आमच्याकडं पायाला भोक पडलं की लोकांना नारूच सुचतो, कारण बारवेचं पाणी पिऊन घरोघरी नारू. माझ्या टाचेवर वर्षभर धोत्र्याचा पाला बांधून सगळे जंत बाहेर यायची वाट बघत बसले. कण दिसले तर भावजय म्हणाली, "जंताची अंडी हायत." तुमच्यापैकी कुणाच्या पायातून असले कण येत असतील तर पाला बांधत बसू नका, डॉक्टर गाठा.

काटा कसा रुतला तेही सांगते. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला. मी सोलापुरात शिकले आणि खजुरीच्या बाजूच्या आमच्या गावात, माहेरी, मुलींच्या शाळेवर मास्तरीण झाले. शाळेच्या वाटेवर चावडी. तिथं पुरुष बसलेले असले की बाईनं चपला काढून हातात घ्यायच्या, पुढं गेल्यावर घालायच्या, अशी रीत. सहा वर्षं मी रोज दोनदा ती पाळली. ज्या दिवशी बाभळीचा काटा टाचेत मोडला, त्या दिवशी चावडीवर अण्णा स्त्रीशिक्षणावर बोलायलता. "आमची शांताच बघा," म्हणून त्यानं माझ्याकडं बोट केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चपला हातात धरून उभी होते.

पाय कापायला कागदावर सही लागत होती. मी मराठी, कानडी, उर्दू, तिन्हींत सही करते. कंपाउंडर म्हणाला, "बाईची चालत न्हाई. घरच्या बाप्याची पायजे." आम्ही लिंगायत, आमच्यात लिंग बाईच्याही गळ्यात असतं आणि पुरुषाच्याही. दोघं सारखे, काम हाच देव, हे मी पाळण्यात ऐकलंय. त्यावर अण्णा तासभर बोलू शकायचा. पण सहीची वेळ आली तसा तो म्हणाला, "भाऊबंदांला विचारून येतो."

अकरा दिवस आला नाही.

त्या अकरा दिवसांत जखमेत वेगळा संसर्ग होऊन पू झाला, ताप चढला. डॉक्टर रोज सकाळी सूज कुठवर आली ते बघून पायावर निळ्या पेन्सिलीनं रेघ ओढायचे. पहिली घोट्यावर होती, नववी पोटरीच्या मध्यावर. मी एकच विचारलं, फळ्यासमोर उभी राहीन का? ते म्हणाले, गुडघा वाचला तर लाकडी पाय बसेल, उभ्या राहाल. गुडघा गेला तर जन्मभर काखेत काठ्या. मग खडू कुठल्या हातात धरणार? मी खाटेवर पडून रेघा बघायची आणि अण्णाला शिव्या घालायची. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "भावाला अशा शिव्या देती व्हय?" मी म्हटलं, "देती. तुमाला बी द्यायच्या असल्या तर द्या."

बाराव्या दिवशी तो आला. "कामून इतके दिवस लावलास?" विचारलं तर खाली बघत म्हणाला, "लंगडी आत्या घरात बसलेली बघून माझ्या पोरींला कोण करून घेतंय, शांता?" एवढं बोलला आणि सही केली. खरं बोलला, तेवढ्यापुरता मला तो बरा वाटला.

अँप्युटेशन म्हणजे अवयव कापणं. क्लोरोफॉर्मचा गोड वास आला, आणि जाग आली तेव्हा चादर गुडघ्याखाली चार बोटांवर सपाट झालेली. गुडघा होता. मी दोन्ही हातांनी तो धरला आणि रडले. पुढं महिनाभर नसलेली टाच खाजायची, ठणकायची. त्याला फँटम पेन म्हणतात, गेलेल्या अवयवाची वेदना. डॉक्टर म्हणाले, "दिमाग कू अब्बी खबर नै पोंची." तुम्हाला असं झालं तर घाबरू नका, वेड लागलेलं नसतं.

डॉक्टरांनी चित्र काढून दिलं, त्यावरून सुतारानं लाकडी पाय केला. तीन महिने भिंत धरून चालले, पडले, हनुवटी फुटली. मग गुलबर्ग्याला शाळाखात्याच्या कचेरीत गेले, नोकरीवर परत घ्या म्हणून.

मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, फार अदबीचे. मला खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, जमाना बदलला. लंगडं-पांगळं म्हणून आम्ही कुणाला कमी लेखत नाही. विधवेला तर नाहीच." मग फाईल उघडली. "पण आपण गैरमुल्की आहात."

गैरमुल्की म्हणजे निजामाच्या मुलखाबाहेरचं माणूस, त्याला सरकारी नोकरी नाही. मी म्हटलं, माझा बाप इथला, आजा इथला, मी इथं जन्मले. म्हणाले, "लग्न कुठं झालं?" सासर सरहद्दीपलीकडं, दोन कोसांवर, तिथं इंग्रजाचं राज्य. बाईचा मुलूख नवऱ्याचा. नवरा मेला तरी त्याचा मुलूख माझ्या गळ्यात. सहा वर्षं शिकवलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. दोन पायांवर होते तोवर मी मुल्की. ज्या डॉक्टरांनी पाय कापला ते तर मद्रासचे, त्यांना खास परवानगी होती. बाहेर कारकून हळूच म्हणाला, "बाई, इकडच्या एखाद्याशी पाट लावा. कागद लगेच नीट होतोय." मी म्हटलं, "तुजी आई कितीदा नीट झाली, विचारून ये."

सुधारणा झाली म्हणतात, ती ही. आधी 'लंगडे, चालती हो' म्हणायचे, आता बसायला खुर्ची देतात आणि कागद दाखवतात.

माझी जागा आमच्या संगप्पा काकाला मिळाली. म्हातारा माणूस, म्हणून मुलींच्या शाळेला चालतो. त्याला धड पाढे येत नव्हते. महिन्याभरात दारात आला. "शांता, तू शिकीव, मी सही करतो." मला फळ्यासमोर उभं राहायचं होतं, म्हणून व्हय म्हणाले. यात माझी चूक झाली, ते मी लपवत नाही. चार वर्षं मी शिकवलं आणि हजेरीवर त्याची सही पडली. तपासणीच्या दिवशी मी घरी बसायची. साहेब उर्दूत शेरा लिहायचे, संगप्पा मास्तरांची मेहनत दिसते. काका तो मला वाचून दाखवायला आणायचा, कारण त्यालाच तो वाचता यायचा नाही.

पाचव्या वर्षी मी घरी बसले नाही.

साहेब आत आले. मला खुर्ची देणारे तेच साहेब, पण मला ओळखलं नाही. लाकडी पायाकडं बघून काकाला विचारलं, या कोण? काका चाचरत म्हणाला, "पुतणी माझी. शाळेची झाडलोट करती."

साहेबांचा चेहरा खुलला. म्हणाले, "वाह. अपंग विधवेला काम दिलंत. हीच खरी तरक्की. मी हे वर कळवणार."

मी खडू उचलला आणि फळ्यावर उर्दूत, त्यांना वाचता यावं म्हणून, माझं नाव लिहिलं आणि पुढं मुअल्लिमा. म्हणजे शिक्षिका. मागून बावीस मुलींनी सवयीनं ते मोठ्यानं वाचलं. उर्दू अक्षरं त्यांना मीच शिकवली होती.

साहेब काकाला म्हणाले, "पुसा."

काका फडकं घेऊन आला. मी फळ्यापुढं उभी. मला बाजूला ढकलल्याशिवाय त्याचा हात पोचत नव्हता, आणि एका पायाच्या बाईला साहेबांसमोर ढकलायची त्याची छाती होईना. साहेबांनी वही मिटली आणि शेरा न लिहिता निघून गेले.

पंधरा दिवसांत खात्याच्या हुकमानं शाळेला कुलूप लागलं. बावीस मुली घरी बसल्या, आणि ते पाप गावानं माझ्या माथी मारलं. अण्णा आता चावडीवर म्हणतो, आमच्या बहिणीच्या हट्टापायी गावाची सुधारणा बुडाली. त्या मुलींचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं. गावाचं वाटत नाही.

आजारातून उठलेल्या माणसानं आभार मानावेत म्हणतात. डॉक्टरांचे मानते, त्यांनी गुडघा वाचवला. सुताराचे मानते. बाकी कुणी माझ्याकडून आभाराची वाट बघत असेल तर बसू दे वाट बघत. मी सहा वर्षं पगारावर आणि चार वर्षं चोरून शिकवलं. ती दहाही वर्षं मास्तरीण मीच होते, आणि साहेबांना ते एकदा वाचावं लागलं.